२६-६ ने हरलेल्या बार्बोसाची कारकीर्द मोजायची कशी?

प्रश्न असा आला आहे : "फिलिपिन्सचा कर्ट बार्बोसा टोकियो ऑलिंपिकमध्ये एकच लढत खेळला, २६-६ असा हरला आणि परतला. तरी त्याच्या देशात त्याचं कौतुक होतं. अशा कारकिर्दीला यशस्वी म्हणायचं का? माझी मुलगी बारा वर्षांची आहे, तीन वर्षं तायक्वांदो करते, म्हणून विचारतोय."

पंचवीस वर्षं मुलांना किक शिकवतोय, त्यातली बरीचशी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ओरडण्यात गेली. तेव्हा सरळ सांगतो : हो, यशस्वीच. तुम्ही पाहिली ती लढत त्याच्या कारकिर्दीतली मोठी लढत नव्हतीच. ती दोन महिने आधी जॉर्डनमध्ये झाली होती, आणि ती बहुतेकांनी पाहिलेली नाही.

मे २०२१ मध्ये अम्मानला आशियाई पात्रता स्पर्धा झाली. प्रत्येक वजनगटातून दोघांनाच टोकियोचं तिकीट होतं. म्हणजे अंतिम फेरी जिंकायची गरज नाही, पण उपांत्य फेरी जिंकलीच पाहिजे. अशा स्पर्धेत उपांत्य लढत हीच खरी फायनल असते. ती जिंकून पुढे गेलेल्या दोघांनी फायनलमध्ये एकमेकांना मिठ्या मारल्या तरी चालतं. बार्बोसाच्या वाट्याला उपांत्य फेरीत यजमान जॉर्डनचाच झैद अल-हलवानी आला. हॉल त्याचा, प्रेक्षक त्याचे. लढत संपली तेव्हा फलकावर होतं ५०-४९, बार्बोसाच्या बाजूने.

हा आकडा जरा डोळ्यांसमोर आणा. दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या, म्हणजे सहा मिनिटं, आणि त्यात दोघांचे मिळून ९९ गुण. साडेतीन-पावणेचार सेकंदांना एक गुण. ठोशाला १, छातीवरच्या किकला २, डोक्यावरच्या किकला ३, फिरून मारलेली छातीवर बसली तर ४ आणि डोक्यावर बसली तर ५. वर समोरच्याने रेषेबाहेर पाऊल टाकलं, पडला, धरलं, की गम-जॉम, म्हणजे दंड, त्याचा एक गुण आपल्याला. एवढे गुण होणारी लढत ही डावपेचांची उरत नाही, ती सरळसरळ हाणामारी होते. एक किक खाल्ली की दोन द्यायच्या. अशा लढतीत शेवटच्या दहा सेकंदांत कोणाचं डोकं थंड राहतं, यावर ऑलिंपिक ठरतं. त्या स्पर्धेतून टोकियोला गेलेला फिलिपिन्सचा तो एकटाच होता.

(जाता जाता : हा आकडा आता पुन्हा दिसायचा नाही. २०२२ पासून तीनपैकी दोन फेऱ्या जिंकायच्या, असा नियम आला. प्रत्येक फेरीचे गुण वेगळे, बेरीज नाही. नियम चांगला आहे, पहिल्या फेरीत दहाने मागे पडलेला पोरगा दुसरीत पुन्हा शून्यापासून सुरू करतो. पण ५०-४९ मधली मजा गेली ती गेली.)

आता हा मुलगा तिथवर आला कसा, ते पाहू. बार्बोसा उत्तर लुझॉनमधल्या आब्रा प्रांतातल्या बांगेदचा, मनिलाच्या नॅशनल युनिव्हर्सिटीत शिकलेला. फिलिपिन्समध्ये तायक्वांदो खेळाडूला वर्तमानपत्रं 'जिन' म्हणतात आणि जिन घडण्याची वाट बरीचशी ठरलेली आहे. शाळेत असताना प्रांताकडून पालारोंग पंबान्सा, म्हणजे त्यांची राष्ट्रीय शालेय स्पर्धा. तिथे विद्यापीठांचे प्रशिक्षक पोरं हेरायला बसलेले असतात. मग शिष्यवृत्तीवर मनिलात प्रवेश आणि यूएएपी ही आंतरविद्यापीठ स्पर्धा. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेला घरचे चार लोकसुद्धा येत नाहीत. तिथे विद्यापीठांच्या मोठ्या स्पर्धांमागे जुनी चुरस असते, माजी विद्यार्थी पाठीशी असतात. विद्यापीठ पोराची फी भरतं, जेवण-राहण्याचं बघतं, आणि त्याच शहरात राष्ट्रीय संघाचा सराव असतो. मनिलातलं रिझाल मेमोरियल क्रीडासंकुल त्यांच्या राष्ट्रीय खेळाडूंचं जुनं घर. परीक्षा, सराव, निवड, सगळं एका बसच्या अंतरावर. आपल्या कुठल्याही जिल्ह्यातल्या पोराला ही सोय मिळाली असती तर काय झालं असतं, हा विचार मी करायचा सोडून दिलाय. झोप लागत नाही.

२०१९ ची दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धा फिलिपिन्समध्येच झाली. तिथे बार्बोसाने सुवर्ण जिंकलं, ५४ किलोत. मग करोना आला. जानेवारी २०२१ मध्ये लागुना प्रांतातल्या कालांबा इथल्या अकादमीत बॉक्सर, कराटेवाले आणि जिन यांना बाहेरच्या जगापासून तोडून ठेवलं गेलं. तिथले पत्रकार त्याला 'कालांबबल' म्हणायचे. तिथून पोरं थेट पात्रता स्पर्धांच्या तयारीला लागली.

इथे ५४ हा आकडा लक्षात ठेवा, कारण टोकियोचा निकाल त्यात दडलेला आहे.

जागतिक स्पर्धेत पुरुषांचे आठ वजनगट असतात. ऑलिंपिकमध्ये चारच : ५८, ६८, ८० आणि ८० च्या वर. महिलांचेही चार : ४९, ५७, ६७ आणि त्यावर. म्हणजे पुरुषांत सगळ्यात हलका गट ५८. तर ५४ मध्ये खेळणाऱ्याने ऑलिंपिकला जायचं कसं? ५८ मध्ये. आणि तिथे कोण भेटतं? जे एरवी ६२-६३ किलोचे असतात, स्पर्धेच्या आदल्या दिवशीच्या वजनासाठी पाणी तोडून ५८ वर येतात आणि रात्रीतून पुन्हा भरून निघतात. बार्बोसाला पहिल्याच लढतीत मिळाला कोरियाचा जांग जून, माजी विश्वविजेता, सहा फुटांच्या आसपास उंचीचा. इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड लंडन २०१२ पासून आणि सेन्सरवालं हेड गार्ड रिओ २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आलं, तेव्हापासून लांब पायांना जे महत्त्व आलंय ते पूर्वी नव्हतं. पूर्वी किक आवाज काढणारी, शरीर हलवणारी असावी लागायची, तेव्हा पंच गुण द्यायचे. आता पुढचा पाय वर उचलून धरायचा, समोरच्याला आत येऊ द्यायचं नाही आणि तोच पाय अलगद डोक्यावर टेकवायचा. जुने लोक याला नाकं मुरडतात, पायांची तलवारबाजी म्हणतात. मीही मुरडतो. पण नियम आहे तो आहे, आणि बुटक्या खेळाडूला त्यात वाट काढावी लागते.

आता २६-६. वजाबाकी करा, वीस. हा योगायोग नाही. तेव्हाचा नियम असा होता की दुसरी फेरी संपताना किंवा तिसऱ्या फेरीत केव्हाही फरक वीसचा झाला की लढत थांबवायची. म्हणजे फलकावर जे दिसलं ते धुलाईचं मोजमाप नाही, लढत कुठे थांबवली त्याची खूण आहे. हरला तो स्वच्छ हरला, त्यात वाद नाही. पण "सव्वीस-सहा" ऐकून लोकांनी जी मान हलवली, ती त्यांना नियम माहीत नसल्यामुळे.

आणि तरीही त्याचं ऑलिंपिक तिथेच संपलं असं नव्हतं. तायक्वांदोत रेपेचाज असतो. बाद फेरीत तुम्ही ज्याच्याकडून हरलात तो अंतिम फेरीत गेला, तर तुम्हाला परत बोलावतात आणि कांस्यपदकासाठी लढायची संधी देतात. म्हणून हरलेला खेळाडू डोबोक, म्हणजे अंगावरचा गणवेश, न काढता, पायाला बर्फ लावून, ज्याने आपल्याला आत्ताच तुडवलं त्याच्यासाठी देव पाण्यात ठेवून बसतो. ही प्रार्थना मी कोपऱ्यात बसून किती वेळा केली असेल! बार्बोसाची नजर जांग जूनवर होती. जांग उपांत्य फेरीत ट्युनिशियाच्या खलील जेंदूबीकडून हरला. जांगला पुढे कांस्य मिळालं, बार्बोसाची दारं मात्र बंद झाली. ती तारीख २४ जुलै २०२१. दोनच दिवसांनी हिदिलिन दियाझने वेटलिफ्टिंगमध्ये फिलिपिन्सला पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं आणि बाकी सगळ्यांच्या बातम्या आतल्या पानावर गेल्या.

रेपेचाजचं दुसरं टोक बघायचं तर फिलिपिन्सचीच कर्स्टी अलोरा. लागुनातल्या बिन्यानची, ६७ किलोवरच्या गटात रिओ २०१६ ला गेलेली. पात्रता स्पर्धा तिला घरच्या मैदानात, मनिलात मिळाली. रिओत पहिल्याच लढतीत समोर मेक्सिकोची मारिया एस्पिनोसा, बीजिंग ऑलिंपिकमधली सुवर्णपदक विजेती. अलोरा हरली. पण एस्पिनोसा फायनलला पोहोचली, तेव्हा अलोराला परत बोलावलं. मोरोक्कोच्या विआम दिस्लामशी लढली आणि पुन्हा हरली. म्हणजे बघा, दोघंही पहिली लढत हरले. तिला दुसरी संधी मिळाली, त्याला नाही, आणि फरक फक्त तिसऱ्याच माणसाच्या तिसऱ्याच लढतीचा. आता या दोघांच्या कारकिर्दी तुम्ही "ऑलिंपिकमध्ये किती लढती खेळले" या पट्टीने मोजणार?

सगळ्यात जास्त चुटपूट लावणारी गोष्ट त्यांच्याच टोनी रिव्हेरोची. अथेन्स २००४ ला ती सोळा वर्षांची होती, आणि ६७ किलोच्या गटात ती थेट उपांत्य फेरीपर्यंत गेली. तिथे ग्रीसची एलिसावेत मिस्ताकिदू. यजमान, त्यात भरलेला हॉल. हरली. मग कांस्याच्या वाटेवर कोरियाच्या ह्वांग क्यॉन्ग-सनकडून हरली. ह्वांगने नंतर २००८ आणि २०१२ ला सुवर्ण घेतलं, तेव्हा त्या पोरीसमोर कोण उभं होतं ते समजून घ्या. आणखी एक गोष्ट. अथेन्समध्ये एका गटात एकच कांस्य असायचं. बीजिंगपासून दोन झाली. चार वर्षांचा फरक. दोन कांस्यं असती तर तिला मिळालंच असतं असं मी म्हणत नाही, पण वाट नक्की रुंद झाली असती. रिव्हेरोने दोहाच्या २००६ च्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं, बीजिंग २००८ ला पुन्हा पात्र ठरली आणि तिथे पहिल्याच लढतीत क्रोएशियाच्या साँड्रा शारिचकडून हरली. तिच्यासोबत दोन्ही ऑलिंपिकला गेलेला त्शोमली गोही बीजिंगला पहिल्याच फेरीत बाहेर पडला. २०१२ ला लंडनला एकही जिन नव्हता. २०२४ ला पॅरिसलाही नाही.

मग ऑलिंपिकमध्ये फिलिपिन्सच्या तायक्वांदोची पाटी कोरी आहे का? अधिकृत हिशेबात, होय. पण १९९२ ला बार्सिलोनात तिघांनी कांस्यपदकं मिळवली होती : स्टीफन फर्नांडेझ, रॉबर्टो क्रूझ आणि बेआ लुसेरो. तेव्हा तायक्वांदो प्रात्यक्षिक खेळ होता. १९८८ ला सोल आणि १९९२ ला बार्सिलोना, दोन्हीकडे तसाच. पदकं गळ्यात घातली गेली पण देशाच्या खात्यात मोजली गेली नाहीत. खेळ पदकतालिकेत आला तो २००० मध्ये सिडनीला. क्रूझची जिद्द अशी की आठ वर्षांनी, खेळ अधिकृत झाल्यावर, तो सिडनीलाही उतरला. लुसेरोची गोष्ट अजून वेगळी. ती आधी जिम्नॅस्ट होती, दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धेत जिम्नॅस्टिक्सची पदकं घेतलेली. मग तायक्वांदोकडे वळली आणि तिथेही पदक. लवचीक कंबर आणि हवेतलं भान घेऊन आलेल्या मुली तायक्वांदोत किती झपाट्याने पुढे जातात हे मी स्वतः पाहिलंय. तुमची मुलगी मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्सही करत असेल तर बंद करू नका.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पालकांच्या मनात तेच असतं, म्हणून सांगतो. फिलिपिन्सने २०१५ मध्ये खेळाडूंच्या बक्षिसांचा कायदा नव्याने केला. ऑलिंपिक सुवर्णाला १ कोटी पेसो, रौप्याला ५० लाख, कांस्याला २० लाख. आशियाई स्पर्धेच्या सुवर्णाला २० लाख, कांस्याला ४ लाख. आणि दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धेच्या सुवर्णाला ३ लाख पेसो, म्हणजे आपले साडेचार-पाच लाख रुपये. आकडे ऑलिंपिकचे डोळे दिपवतात, पण जिनचं घर चालतं ते शेवटच्या आकड्यावर आणि क्रीडा आयोगाच्या महिन्याच्या भत्त्यावर. दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धा दर दोन वर्षांनी येते. कुवत असलेला खेळाडू त्यात तीन-चार वेळा उतरतो. कित्येक जण सोबत लष्करात किंवा हवाई दलात नोकरीला लागतात. म्हणून तिथला शहाणा प्रशिक्षक कारकीर्द दोन-दोन वर्षांच्या टप्प्यांत आखतो, चारच्या नाही.

मार खाऊन खाऊन गुडघे गेलेल्यांसाठी, किंवा मुळातच ज्यांना फाइट नको त्यांच्यासाठी, पूमसे आहे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याशिवाय करायच्या ठरलेल्या हालचालींचा क्रम. आपल्याकडे पूमसे म्हणजे बेल्ट परीक्षेपुरतं पाठ करायचं काहीतरी. फिलिपिन्समध्ये ती पूर्ण वेगळी कारकीर्द आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या महिला आणि पुरुष दोन्ही संघांनी पूमसेत कांस्य मिळवलं. २०२३ ला हांगचौच्या आशियाई स्पर्धेत फिलिपिन्सचं पहिलं पदक आणलं ते पूमसेवाल्या पॅट्रिक किंग पेरेझनेच. माझ्या मते त्यांच्या संघटनेचं हे सगळ्यात हुशार पाऊल. उंचीचा प्रश्न आला की पूमसेकडे बघा, तिथे समोरच्याचा लांब पाय नसतो.

या सगळ्याचा पाया घातला कोरियाहून १९७५ मध्ये फिलिपिन्सला आलेल्या ग्रँडमास्टर हाँग सुंग-चॉन यांनी. त्यांनी तिथे खेळ रुजवला आणि मुलं स्वतः घडवली. त्या पहिल्या पिकातला मोन्सूर देल रोसारियो. बाकोलोदमध्ये वाढलेला. १९८६ ला सोलच्या आशियाई स्पर्धेत कांस्य, १९८८ ला सोलच्याच ऑलिंपिकमध्ये उपांत्यपूर्व फेरी. नंतर तो ॲक्शन चित्रपटांचा नट झाला, मकाती शहराचा नगरसेवक झाला, २०१६ ते २०१९ खासदार राहिला. घरून काम करण्याविषयीचा तिथला कायदा आला त्यात त्याचा हात होता. २०२२ ला सिनेटची निवडणूक हरला. सोबत तायक्वांदो संघटनेचं सचिवपद. सिडनी आणि अथेन्स खेळलेला डॉनल्ड गायस्लर हा तिथला अजून एक ओळखीचा चेहरा, त्याचा भाऊ नट आहे. म्हणजे किक मारणाऱ्याला तिथे पडद्यावर आणि मतपेटीत किंमत आहे. आपल्याकडे पैलवानाला असते तशी म्हणा.

आता तुमच्या मुलीकडे वळतो. आपल्या देशाचा एकही खेळाडू २००० पासून आजवर ऑलिंपिकच्या तायक्वांदोत उतरलेला नाही. पॅरालिंपिकमध्ये अरुणा तंवर टोकियोला आणि पॅरिसला गेली, एवढंच. त्यामुळे "ऑलिंपिक खेळेल का" या प्रश्नाचं उत्तर मी बारा वर्षांच्या मुलीसाठी देत नाही. पण बार्बोसाच्या गोष्टीतून एक काम आजच करता येईल. वजनगटाच्या मागे लागू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून हे पाप घडलंय : ५१ च्या गटातल्या एका पोराला राज्य स्पर्धेसाठी मी ४८ मध्ये बसवलं. दोन दिवस त्याचं पाणी तोडलं. वजनाला बरोबर उतरला, पहिली फेरी जिंकला, दुसऱ्या फेरीत पाय वर येईनात. पोरगा माझ्याकडे बघत होता आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. मोठं होऊन समजून-उमजून वजन उतरवणं वेगळं. वाढत्या वयात तिला हवं तेवढं जेवू द्या, गट जो येईल तो येईल. उंच झाली तर आताच्या नियमांत तिचंच राज्य. नाही झाली तर आत घुसायचं कसं हे शिकवता येतं, ते मी शिकवतो. त्यासाठी तिच्या क्लासमध्ये ताकदीच्या नव्हे, पावलांच्या कसरती किती होतात ते एकदा बसून बघा. तासात वीस मिनिटंही होत नसतील तर सरांशी बोला, भांडू नका, बोला.

आणि अम्मानच्या त्या उपांत्य लढतीचं चित्रण मिळालं तर तिच्यासोबत पाहा. गुण मोजत बसू नका. बार्बोसाने किक खाल्ल्यावर पुढच्या सेकंदाला तो काय करतो, तेवढंच बघायला सांगा तिला.